पुरानंतरची वही

प्रश्न : काका, मागच्या अंकात तुम्ही सहज लिहून गेलात की गेल्या काही वर्षांतल्या रॉक आणि मेटल अल्बमांचा क्रम तुमच्याकडे वहीत लावलेला आहे. मग तो छापत का नाही? आम्ही चौघं मित्र रोज संध्याकाळी पोवई नाक्यावर यावरून भांडतो. एकाचं म्हणणं, १९९१ नंतर ऐकण्यासारखं काही झालंच नाही. तुमचे पहिले पाच सांगा, कारणांसकट.
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सातारा

उत्तर : छापला नाही, कारण वहीप्रमाणे पहिला नंबर ज्याचा येतो ते बघून माझी मलाच लाज वाटते. पण आधी वही म्हणजे काय ते ऐक, नाहीतर उद्या नाक्यावर माझ्या नावाने भलताच दाखला द्याल.

माझं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान तेव्हा सांगलीच्या गावभागात होतं. ऑगस्ट २०१९. पाणी चढतंय म्हटल्यावर गिऱ्हाइकांचे ॲम्प आधी माळ्यावर टाकले, कारण लोकांची वस्तू आधी. माझ्या कॅसेटींची तीन खोकी तेवढी मधल्या फळीवर राहिली. २००५च्या पुरात पाणी त्या फळीच्या खालीच थांबलं होतं, तोच हिशोब मी धरून बसलो. कृष्णामाईने तो धरला नाही. आठवड्याने शटर वर केलं तेव्हा फळीच्या हातभर वर भिंतीला गाळाची रेघ होती, आणि खोक्यांचा पुठ्ठा हातात घेतला की भिजलेल्या पोळीसारखा तुटत होता.

कॅसेटच्या डबीला पाच बारीक स्क्रू असतात, चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक. पहिले दोन दिवस मी दुसरं काही केलंच नाही. स्क्रू काढायचे, चाकं बाहेर घ्यायची, टेप बादलीत खळबळायची आणि दुकानात आडव्या बांधलेल्या तारेवर सोडायची. बायको म्हणाली, शेवया वाळत घातल्यात का? वाळल्यावर टेपवरचा तपकिरी थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून यायला लागला. तो थर म्हणजेच गाणं. बाकी राहतं ते नुसतं प्लास्टिक. तीनशेच्या वर कॅसेटी होत्या, नीट वाजल्या चार. त्यातली एक आरत्यांची.

आता गंमत बघ. टूल हा अमेरिकेतला बँड आपलं जुनं काम इंटरनेटवर ऐकायला देतच नव्हता. त्यांनी ते खुलं केलं २ ऑगस्ट २०१९ला. म्हणजे माझ्या कॅसेटी बुडाल्या त्याच्या तीन-चार दिवस आधी. आणि ३० ऑगस्टला त्यांचा तेरा वर्षांनंतरचा नवा अल्बम आला, 'फिअर इनॉक्युलम'. मी पाण्यात गेलेले सर्किट बोर्ड हेअर ड्रायरने वाळवत बसलो होतो, भाच्याचा फोन खुंटीला टांगलेला, आणि त्यावर तो चालू. जुनं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे 'पूर्वीचं कसं चांगलं होतं' म्हणायची सोयच राहिली नाही. त्या दिवशी एक चारशे पानी वही केली. नियम एकच, अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला तरच एक काडी. हातात काम असलं तर चालेल. मध्ये फोन उचलला तर काडी रद्द. तेव्हा माझ्यापुरती 'गेली काही वर्षं' म्हणजे पुरानंतरची. तुझ्या मित्राची १९९१ला संपतात, माझी २०१९ला सुरू होतात.

तर काड्यांप्रमाणे पहिला आहे नॉक्ड लूज या केंटकीच्या बँडचा १० मे २०२४ला आलेला अल्बम. त्रेसष्ट काड्या. ही पोरं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बेंबीच्या देठापासून ओरडतात आणि अख्खा अल्बम सत्तावीस मिनिटांत उरकतात. चोपन्न वर्षांच्या माणसाने पहिला नंबर म्हणून हे सांगायचं? त्याचं नाव लांबलचक आहे, अर्थ साधारण असा की वेळ आल्याशिवाय तू जाणार नाहीस. गायक ब्रायन गॅरिसला विमानाची भीती. शेजारी बसलेल्या बाईने त्याला धीर द्यायला हे वाक्य म्हटलं आणि त्याने तेच नाव दिलं. आपल्याकडे 'काळ आला होता पण वेळ आली नव्हती' म्हणतात. पुरात बोटीतून उतरलेल्या प्रत्येकाच्या तोंडी आठ दिवस तेच होतं. म्हणून काड्या जास्त पडल्या असं मला म्हणता आलं असतं. खरं कारण वेगळं आहे. एक स्पीकर रिकोन करताना, म्हणजे त्याचा आतला कॉन बदलताना, गोंद धरायला मी साधारण अर्धा तास थांबतो. त्या अर्ध्या तासात हा बरोब्बर बसतो.

हे मुलीने पकडलं. ती बी.कॉम.ला आहे. म्हणाली, "बाबा, सत्तावीस मिनिटांच्या काडीला आणि शहाऐंशी मिनिटांच्या काडीला एकच भाव? असला ताळेबंद कुठे असतो?" तिने काड्यांना मिनिटांनी गुणलं. टूलच्या एक्केचाळीस काड्या गुणिले शहाऐंशी, ३५२६ मिनिटं, पहिला नंबर. जुडास प्रीस्ट या इंग्लंडच्या जुन्या मेटल बँडचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड', अठ्ठावन्न काड्या, सुमारे त्रेपन्न मिनिटांचा, ३०७४. नॉक्ड लूज १७०१वर येऊन चौथा झाला. तिसऱ्यावर अचानक आयर्न मेडनचा 'सेन्जुत्सू' उगवला, फक्त बावीस काड्यांवर, कारण तो आहेच ब्याऐंशी मिनिटांचा. म्हणजे जो लांबड लावेल तो वर. हेही पटेना. मग मी म्हटलं, टूल सहा वर्षांपासून वाजतोय, प्रीस्टचा मार्च २०२४ला आला, महिन्याला किती ते काढ. या जानेवारीपर्यंत धरून प्रीस्ट महिन्याला जवळजवळ १४० मिनिटं, टूल शेहेचाळीस. मी तिथेच वही मिटली. मुलगी हसली. तिच्या लक्षात आलं की मला जे हवं होतं ते आल्यावर मी हिशोब थांबवला.

तर पहिला 'इन्व्हिन्सिबल शील्ड'. ८ मार्च २०२४. गायक रॉब हॅलफोर्ड तेव्हा बहात्तर वर्षांचा. पण मी वयाचं कौतुक म्हणून हा वर ठेवलेला नाही. सुरुवातीचं 'पॅनिक अटॅक' ऐक. पहिल्या मिनिटात गिटारी सिंथेसायझरसारख्या चकचकीत वाजतात, त्यांच्याच १९८६च्या 'टर्बो'ची आठवण येते, आणि मग ड्रम शिरतो तेव्हा टेबलावरचे स्क्रू वाटीत नाचतात. मला तो आवडतो तो दोन गिटारींमुळे. एक रिची फॉक्नर. सप्टेंबर २०२१मध्ये लुइव्हिलला मंचावर वाजवत असताना त्याची हृदयाजवळची महाधमनी फुटली, दहा तासांहून जास्त शस्त्रक्रिया झाली, आणि फुटली त्या क्षणी तो 'पेनकिलर' वाजवत होता, गाणं पुरं करून मग खाली आला. दुसरा ग्लेन टिप्टन. त्याला पार्किन्सन्स आहे, हे त्यांनी २०१८ला जाहीर केलं. दौऱ्यांवर त्याच्या जागी अँडी स्नीप वाजवतो, तोच या अल्बमचा निर्माता. पण अल्बमच्या गाण्यांवर टिप्टनचा हात आहे, आणि कधीमधी शेवटच्या दोन-तीन गाण्यांना तो मंचावर येतो.

गेल्या पावसाळ्यापासून सोल्डरिंग करताना माझा उजवा हात हलतो. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला वाटतंय तसलं काही नाही, चहा कमी करा. पण सोल्डरिंग आयर्नचं टोक आयसीच्या, म्हणजे चिपच्या, दोन पायांमध्ये टेकवायचं आणि ते तिथे थरथरायचं, हे ज्याला रोज बघावं लागतं, त्याने 'क्राउन ऑफ हॉर्न्स'मधली गिटार कशी ऐकायची? आता मी डाव्या तळहाताने उजवं मनगट खालून धरतो. काम होतं. वेळ जास्त लागतो.

दुसरा टूल. यातला ड्रमर डॅनी केरी तबला शिकलेला आहे आणि ते लपत नाही. अल्बमभर सातचा खेळ आहे. रूपक ताल माहीत असलेल्याला मोजताना मजा येते, पण सम कुठे टाकलीय ते पहिल्या दहा खेपांत सापडत नाही. शेवटचं मोठं गाणं 'सेव्हन-एम्पेस्ट' जवळजवळ सोळा मिनिटांचं. त्याला ग्रॅमीही मिळालं, त्याने मला काही फरक पडत नाही. मधले दोन-तीन आवाजांचे तुकडे मात्र निव्वळ भरताड. नियम माझाच, म्हणून तेही निमूटपणे ऐकतो.

तिसरा मेटल नाही. द क्युअरचा 'साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड', १ नोव्हेंबर २०२४. तू प्रश्नात 'रॉक आणि मेटल' लिहिलंस म्हणून घेतला, आणि नसतं लिहिलंस तरी घेतला असता. सोळा वर्षांनी आलेला अल्बम, आठच गाणी. पहिल्या 'अलोन'मध्ये तीन मिनिटांहून जास्त वेळ कोणी गातच नाही. वाद्यं येत राहतात, एकावर एक, घाटावर दिवे लागत जावेत तशी, आणि मग रॉबर्ट स्मिथ तोंड उघडतो. एक गाणं त्याने गेलेल्या भावावर लिहिलंय. ते लागलं की मी दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत नाही.

चौथा नॉक्ड लूज, वर सांगितलं तेवढं पुरे. पाचवा ब्लड इन्कँटेशनचा 'ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर', ऑक्टोबर २०२४. दोनच गाणी, प्रत्येक वीस-तेवीस मिनिटांचं. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत केलेला. आत्ता डेथ मेटलचा कडकडाट, पुढच्या मिनिटाला आकाशवाणीवर पूर्वी रात्री लागायचं तसलं तरंगतं सिंथेसायझर. दोन्ही एकाच बँडचं आहे हे पटायला मला चार खेपा लागल्या.

स्लीप टोकन या मुखवटे घालून वाजवणाऱ्या बँडबद्दल तुम्ही चौघांपैकी कोणीतरी विचारणार हे नक्की. अमेरिकेत २०२५ला त्यांचा 'इव्हन इन अर्केडिया' पहिल्या नंबरवर गेला. माझ्या वहीत दोन काड्या आहेत. मुखवट्यांचा राग नाही, आमचं गाव नाटकवाल्यांचं आहे. पण मुखवट्यामागून जे येतं ते मला कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला चुकून भरलेल्या दुसऱ्याच कुणाच्या गाण्यासारखं वाटतं.


प्रश्न : मेटॅलिका तुमच्या यादीत कुठेच नसतं. मागेही तुम्ही '७२ सीझन्स'ला 'ठीक' म्हणून वाटेला लावलं होतं. तुम्हाला काही वैयक्तिक राग आहे का?
— एक वाचक, कराड

उत्तर : आहे ना. वैयक्तिक राग फक्त ज्यांच्यावर जीव असतो त्यांच्यावरच धरता येतो.

३० ऑक्टोबर २०११ला ते बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजले, तेव्हा मी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने गेलो होतो. दोन दिवस आधी गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला होता. बातमी कळली तेव्हा माझ्या खिशात परतीचं तिकीट होतं आणि पोटात गोळा. बंगळुरूला झाला. पाऊस, चिखल, आणि पुढे उभा असलेला एक सहा फुटी माणूस, ज्याच्या काखेखालून मी अख्खा कार्यक्रम पाहिला. परतीच्या गाडीत बेळगावपर्यंत कानात शिट्टी वाजत होती. तेव्हा हे माझ्यासमोर बोलू नका.

'७२ सीझन्स' १४ एप्रिल २०२३चा. नावाचा अर्थ, आयुष्याची पहिली अठरा वर्षं, वर्षाला चार ऋतू धरून बहात्तर. आपल्याकडचे सहा धरले असते तर एकशे आठ झाले असते, जपमाळेएवढे. कल्पना मला फार आवडली, कारण माझ्या अठरा वर्षांत त्यांचाच आवाज होता. पण सत्त्याहत्तर मिनिटं! बारा गाण्यांतल्या आठांना एक-एक कडवं आणि एक-एक फेरा जास्त आहे. गाडी स्टँडवर लागली तरी कंडक्टर दार उघडत नाही, तसं होतं. शेवटचं 'इनामोराटा' अकरा मिनिटांवर जातं, त्यांचं आजवरचं सगळ्यात लांब गाणं, आणि गंमत म्हणजे त्यातलंच एक मिनिटही मला काढावंसं वाटत नाही. मध्ये सगळं थांबून नुसता बास गिटार राहतो तो तुकडा तुम्ही रात्री ऐका. वहीत अकरा काड्या आहेत. 'इनामोराटा'च्या एकट्याच्या मोजल्या असत्या तर हे पत्र लिहायची तुमच्यावर वेळ आली नसती.

मॅस्टोडॉनच्या 'हश्ड अँड ग्रिम'चीही तीच अडचण. २०२१चा, शहाऐंशी मिनिटं, वारलेल्या मॅनेजरच्या आठवणीत केलेला. एकोणीस काड्या. त्यातल्या सात ऑगस्ट २०२५नंतरच्या आहेत, त्यांचा माजी गिटारवाला ब्रेंट हाइंड्स मोटारसायकलच्या अपघातात गेल्यावरच्या. या सात मी हिशोबात धरत नाही.


प्रश्न : आमच्या घरात चार पिढ्यांपासून शास्त्रीय गाणं आहे. मुलगा अकरावीत आहे आणि दार लावून हे कर्कश संगीत ऐकतो. मला त्याला तोडायचं नाही, पण त्यात ऐकायचं काय हे कळत नाही. ती माणसं रेडा हंबरल्यासारखी का गातात? कुठून सुरुवात करू?
— एक आई, मिरज

उत्तर : ताई, तुम्ही सतारमेकर गल्लीच्या गावात राहता, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं आहे.

तंबोरा लावताना कारागीर घोडीवर तारेखाली दोरा सरकवतो. एका नेमक्या जागी तार घोडीच्या उताराला नुसती चाटते आणि सूर एकदम फुलतो. आधी तो एक सूर होता, आता त्यात वरचे दहा सूर ऐकू येतात. आपण म्हणतो जवारी उघडली. म्हणजे तारेला पूर्ण मोकळं हलू दिलं नाही, अडथळा केला, म्हणून ती गाजली. इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पमध्ये तेच विजेने करतात. झेपेल त्याहून जास्त सिग्नल आत ढकलला की लाटेचा माथा कापला जातो आणि कापल्या जागी नवे सूर तयार होतात. मी रोज ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे सिग्नल दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर ही लाट बघतो. डोंगराचं पठार होतं, आपल्या टेबललँडसारखं.

आता पुढचं. इतके वरचे सूर निघत असताना षड्जाबरोबर गंधार धरला तर त्या सगळ्यांची आपसात मारामारी होते, नुसता चिखल. षड्ज-पंचम धरले तर होत नाही. म्हणून या लोकांनी गंधार टाकला आणि फक्त सा आणि प घेऊन वाजवायला लागले. त्याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात. तुमच्या देवघराशेजारी उभा असलेला तंबोराही प-सा-सा-सा असाच लावलेला असणार. मुलगा ऐकतोय ते तुमच्या घराण्याबाहेरचं आहे, पण घराबाहेरचं नाही.

आवाज इतका खाली का, याचं मूळ बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात आहे. ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, तारा बारीक घातल्या, आणि पुढे त्या सैल करून खालच्या सुरात लावल्या, दाबायला सोप्या जाव्यात म्हणून. सगळं जग त्याच्या मागे खाली उतरलं. कुपवाडच्या एमआयडीसीत प्रेसवर बोट गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातला एक जण माझ्याकडे ट्रान्झिस्टर दुरुस्तीला आणतो.

रेड्याबद्दल. तो आवाज मुख्यतः स्वरतंतूंच्या वर असलेल्या दोन जाड घड्यांतून काढतात, एरवी बोलताना त्या वापरात नसतात. चुकीचा काढला तर गळा दोन दिवसांत बसतो, बरोबर काढणारा वर्षानुवर्षं काढतो. म्हणजे रियाज आहे. तुमच्यासाठी सुरुवात ओपेथ या स्वीडनच्या बँडच्या 'द लास्ट विल अँड टेस्टमेंट'पासून करा, नोव्हेंबर २०२४चा. घरातला कर्ता गेल्यावर मृत्युपत्र वाचलं जातंय, भावंडं बसली आहेत, अशी गोष्ट. गाण्यांना नावं नाहीत, कलम एक, कलम दोन असे आकडे आहेत, शेवटचं गाणं सोडून. मायकेल ऑकरफेल्ट त्यात गोडही गातो आणि हंबरतोही. अल्बमात हंबरायचं त्याने सोळा वर्षं सोडलं होतं, इथे परत धरलं. मध्ये जेथ्रो टल या जुन्या ब्रिटिश बँडच्या इयन अँडरसनची बासरी येते. इस्टेटीवरून भावकी कशी हंबरते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दार लावून ऐकतोय ते मात्र चांगलं आहे. उघडं ठेवून ऐकला असता तर तुम्ही मला वेगळं पत्र लिहिलं असतं.


प्रश्न : आपल्याकडचं कुणी नाही का यादीत? का सगळे गोरेच?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : दिल्लीच्या ब्लडीवुडचा 'रक्षक', फेब्रुवारी २०२२. ढोल, बासरी, हिंदी-पंजाबी-इंग्रजी आणि मेटल एका ताटात. सव्वीस काड्या. 'दना दन' लागलं की माझा हेल्पर, जो एरवी फक्त भजनं ऐकतो, पक्कड टेबलावर आपटायला लागतो. तरी पाचांत नाही, कारण तासगावच्या रथोत्सवाला हलगी जवळून ऐकलेल्या माणसाला त्यांचा ढोल जरा जास्तच घासूनपुसून ठेवल्यासारखा वाटतो. हलगी आगीवर तापवून वाजवतात, तेव्हा तिचा पहिला ठोका कानाला चापट मारतो. ती चापट अजून कुणी रेकॉर्ड केलेली मी ऐकली नाही. २०२५चा 'न्यू दिल्ली' पहिल्याहून आटोपशीर आहे. जुन्या पठडीचं सरळसोट हवं असेल तर बंगळुरूचे क्रिप्टॉस. १९९८पासून तेच करताहेत आणि त्यांचा 'डेसिमेटर' ऐकताना माझ्या मेलेल्या कॅसेटी आठवतात.


प्रश्न : आमच्या मंडळाची स्वतःची डॉल्बी आहे, चार बेस चार टॉप. विसर्जन झाल्यावर एक दिवस गोडाऊनमध्ये तुमचं ते मेटल लावून बघितलं. नुसता गिरणीसारखा आवाज आला. सिस्टिममध्ये दोष की गाण्यात?
— मंडळाचा कार्यकर्ता, विटा

उत्तर : दोन्हीत नाही, लावण्यात. तुमची सिस्टिम छाती हलवायला लावलेली असते. खालचा बेस पूर्ण वर, वरची शिट्टी पूर्ण वर, मधलं सगळं खाली दाबलेलं. गिटार राहते मधल्या मजल्यावर, साधारण पाचशेपासून तीन हजार हर्ट्झपर्यंत. तो मजलाच तुम्ही पाडलाय. वर दोन पायांचा बास ड्रम मिनिटाला चारशे ठोके देतो. बेस एवढा वर असला की एका ठोक्याची घुमी विरायच्या आत दुसरा ठोका येतो, म्हणून दाणे न पडता पीठ पडतं.

हे मी अनुभवाने सांगतो. एका मंडळाचा ॲम्प दुरुस्त करून दिला आणि टेस्टिंगला म्हणून त्यांच्याच बेसवर नॉक्ड लूज लावला. तिसऱ्या गाण्याला एका बेसची कॉईल जळाली. वास आला, पाठोपाठ धूर.  रिकोन माझ्या खिशातून झालं, आणि त्या दिवशीची काडी अपूर्ण म्हणून मिळालीही नाही. तुम्ही मधला वर घ्या, बेस निम्म्यावर आणा, आणि आवाज गोडाऊनच्या दाराबाहेर जाणार नाही एवढाच ठेवा. सुरुवात प्रीस्टने करा. नॉक्ड लूज नको.


प्रश्न : काका, मीच परत, साताऱ्याहून. पहिलं पत्र टाकल्यावर आठवलं. प्रीस्टचं वाजवून बघावं म्हणून जुना छोटा गिटार ॲम्प घेतलाय. चालू केला की सतत 'हम्म' असा घुमतो. तारांना हात लावला की कमी होतो, सोडला की परत. सांगलीला आणू का?

उत्तर : एवढ्यासाठी येऊ नकोस, आधी घरी बघ. हात लावल्यावर कमी होतो म्हणजे ॲम्प बहुतेक ठीक आहे. गिटारच्या पिकअपची गुंडाळी घरातल्या विजेची पन्नास हर्ट्झची घुरघुर पकडते, आणि तुझं अंग त्या भानगडीत अँटेनासारखं मध्ये येतं. खोलीतली ट्यूबलाइट बंद कर, मोबाइलचा चार्जर काढ, आणि गिटार घेऊन जागेवरच गोल फिर. एका बाजूला तोंड केलं की आवाज पडेल. तिकडे तोंड करून वाजव. माझ्या ओळखीचा एक बेंजोवाला याच कारणाने नेहमी खिडकीकडे पाठ करून बसायचा, लोकांना वाटायचं लाजतो.

तरी राहिला तर पिन बघ. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जुन्या बोर्डात बसावा म्हणून कुणी अर्थिंगची पिन कापली असेल तर तो ॲम्प लगेच बंद कर आणि तसा वाजवू नकोस. गिटारच्या तारा म्हणजे उघडी वायर, ती तुझ्या हातात असते. असं असेल तर मात्र आण. सोमवार सोडून ये, सोमवारी मी कुपवाडला कॉन आणायला जातो. दुकान आता गावभागात नाही, शंभर फुटी रस्त्याला आहे, पहिल्या मजल्यावर.